फ्यूज नेमका कुणाला वाचवतो?

दुरुस्तीच्या टेबलावर एक जुनी थट्टा चालते: महागडा ट्रान्झिस्टर स्वतः जळतो आणि स्वस्तातला फ्यूज वाचवतो. थट्टा कसली, नेहमीचं दृश्य आहे ते. अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण काढावं तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर शॉर्ट, त्यांच्याजवळचे दोन रेझिस्टर कोळसा झालेले, वूफरला, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरला, करपल्याचा वास. आणि फ्यूज? काच स्वच्छ, तार अखंड, मल्टिमीटर लावला की खुशाल पीप वाजवतो. मग प्रश्न येतोच, ‘फ्यूज होता ना आत? मग तो काय करत होता?’

तो त्याचं काम करत होता. आपणच त्याच्याकडून भलत्या कामाची अपेक्षा धरून बसलो होतो.

फ्यूजला फक्त उष्णता कळते. पलीकडे गाणं चाललंय की ट्रान्झिस्टर फुटलाय, स्पीकर शंभर वॅटचा आहे की दहा वॅटचा, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं. काचेच्या नळीत एक बारीक तार असते. तिच्यातून करंट गेला की ती तापते, आणि किती तापणार हे करंटच्या वर्गावर ठरतं. म्हणजे करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. दुसरीकडे तीच उष्णता दोन्ही टोकांच्या टोप्यांमधून आणि आजूबाजूच्या हवेत निघूनही जात असते. जाते त्यापेक्षा जास्त उष्णता येत राहिली, आणि ती पुरेसा वेळ येत राहिली, तरच तार वितळते. सगळी गोम त्या ‘पुरेसा वेळ’मध्ये आहे.

आउटपुट ट्रान्झिस्टरला मरायला इतका वेळ लागत नाही. आतल्या सिलिकॉनच्या एखाद्या बिंदूवर करंट गोळा झाला की मिलिसेकंदाच्याही आत खेळ आटोपतो. फ्यूजची तार तेव्हा कुठे कोमट व्हायला लागलेली असते. बैल गेला अन् झोपा केला, तशातली गत. त्यामुळे ट्रान्झिस्टर वाचवण्यासाठी फ्यूज, ही कल्पना आधीच बाजूला ठेवलेली बरी. ट्रान्झिस्टर गेल्यानंतर जे उरतं, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, सर्किट बोर्ड, वायरिंग, नशीब असेल तर स्पीकर आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्या खोलीत हे सगळं ठेवलंय ती खोली, त्यांच्यासाठी फ्यूज असतो.

दोन अ‍ॅम्पियर म्हणजे किती?

फ्यूजवर ‘२ ए’ लिहिलेलं असलं की २.१ अ‍ॅम्पियरला तो उडणार, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. आयईसी ६०१२७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बनवलेल्या ५ बाय २० मिलिमीटरच्या काचेच्या जलद फ्यूजने, त्यावर लिहिलेल्या आकड्याच्या दीडपट करंट किमान एक तास सोसलाच पाहिजे. म्हणजे २ अ‍ॅम्पियरचा फ्यूज ३ अ‍ॅम्पियरवर तासभर जिवंत राहतो, आणि राहायलाच हवा. २.१ पट करंटला, म्हणजे ४.२ अ‍ॅम्पियरला, तो अर्ध्या तासाच्या आत उडावा अशी अट आहे. पावणेतीन पटीला जास्तीत जास्त दोन सेकंद आणि दहापटीला २० मिलिसेकंद.

अमेरिकी यूएल मानकाचा फ्यूज याहून तिखट असतो. तो लिहिलेल्या आकड्याच्या १.३५ पट करंटला तासाभरात उडतो. आकडा तोच, साइजही तीच, पण स्वभाव निराळा. परदेशी बनावटीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ‘तोच’ फ्यूज घालूनही तो वारंवार उडतो किंवा कधीच उडत नाही, याचं कारण कधीकधी एवढंच असतं.

हे आकडे स्पीकरच्या भाषेत आणले की धक्का बसतो. ८ ओहमच्या स्पीकरमधून ३ अ‍ॅम्पियर वाहत असतील तर ती ७२ वॅटची उष्णता झाली. वूफर खरोखर ५० वॅट सोसणारा आहे आणि त्याच्या वायरमध्ये तुम्ही २ अ‍ॅम्पियरचा फ्यूज लावलाय असं धरा. (५० वॅटला ८ ओहममधून २.५ अ‍ॅम्पियर लागतात, म्हणजे २ चा फ्यूज हा सावध विचार वाटतो.) पण हा फ्यूज ७२ वॅट तासभर बिनतक्रार जाऊ देईल, आणि ४.२ अ‍ॅम्पियरला, म्हणजे सुमारे १४१ वॅटला, अर्धा तास विचार करत बसला तरी नियमात बसेल. तेवढ्यात वूफरची कॉइल, म्हणजे कोन हलवणारं तारेचं वेटोळं, केव्हाच सुटी झालेली असेल.

मग आणखी लहान फ्यूज लावायचा का? हो, आणि तसा तो चालतोही, कारण गाणं म्हणजे सलग वाजणारी शिट्टी नव्हे. तबल्याची थाप, ड्रमचा ठोका, गाण्यातला एखादा उंच सूर या क्षणिक उसळ्या असतात. मधल्या वेळात पातळी बरीच खाली असते. अ‍ॅम्प्लिफायरच्या मोजमापात सरासरी पॉवर पूर्ण पॉवरच्या एक अष्टमांश धरण्याची पद्धत आहे, ती यामुळेच. १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर ८ ओहमवर पूर्ण तोलात शिट्टी वाजवत असेल तर करंट ३.५ अ‍ॅम्पियर. पण तोच आवाज न फाटेल इतक्या मोठ्याने गाणं वाजवत असेल तर सरासरी १२.५ वॅट, आणि तार तापवणारा करंट साधारण सव्वा अ‍ॅम्पियर. सव्वा अ‍ॅम्पियरचा जलद फ्यूज इथे बहुतेक वेळा टिकतो, आणि सलग २८ वॅटच्या वर फार काळ टिकायची त्याला खात्री उरत नाही. ५० वॅटच्या वूफरसाठी हा सौदा ठीक आहे. कधीमधी चांगल्या गाण्यालाही उडेल. तो स्वभाव मान्य असेल तरच स्पीकरच्या वायरमध्ये फ्यूज लावावा; ‘उडतो म्हणून मोठा घातला’ असं करायचं असेल तर न लावलेलाच बरा.

आकडे असे विचित्र का असतात, असंही विचारलं जातं. १, १.२५, १.६, २, २.५, ३.१५, ४, ५, ६.३. प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा साधारण २६ टक्क्यांनी मोठी, म्हणजे दहा पायऱ्यांत बरोबर दहापट. फ्रेंच सैन्यातल्या शार्ल रनार नावाच्या इंजिनियरने १८७० च्या दशकात बलूनच्या दोरांची जाडी ठरवायला ही रीत काढली आणि पुढे ती सगळ्या कारखानदारीत रुळली. फ्यूजवरचा ३.१५ तिथून आला.

आकड्याच्या आधी एक अक्षर असतं, ते आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे. ‘एफ’ म्हणजे जलद, ‘टी’ म्हणजे रेंगाळणारा. दोन्ही जर्मन शब्दांची आद्याक्षरं आहेत, ‘फ्लिंक’ आणि ‘ट्रेग’. दुकानात त्यांना फास्ट-ब्लो आणि स्लो-ब्लो म्हणतात. शेवटी कधी ‘एल’ असतं, कधी ‘एच’. तो भाग लोक वाचतच नाहीत. फ्यूज उडताना तारेच्या जागी क्षणभर ठिणगीचा झोत, म्हणजे आर्क, तयार होतो आणि करंट त्यातून वाहत राहू शकतो. किती मोठा करंट तोडूनही नळी फुटणार नाही, ते हे अक्षर सांगतं. ‘एल’वाला काचेचा फ्यूज ३५ अ‍ॅम्पियर किंवा स्वतःच्या आकड्याच्या दहापट, यातलं जे जास्त असेल ते तोडू शकतो. ‘एच’वाला, बहुधा पांढऱ्या सिरॅमिकचा आणि आत वाळू भरलेला, १५०० अ‍ॅम्पियर तोडतो. मेनच्या बाजूला ‘एच’ लिहिलेला निघाला तर तिथे काचेचा घालू नका. काच दिसते म्हणून सोयीची वाटते, एवढाच तिचा गुण.

वूफर वेगळा मरतो, ट्विटर वेगळा

स्पीकर वाचवायचा असेल तर आधी तो मरतो कसा ते बघायला हवं. आणि एकाच पेटीतले दोन स्पीकर, खर्जाचा वूफर आणि उंच सुरांचा छोटा ट्विटर, दोन निरनिराळ्या कारणांनी मरतात.

वूफरचा शत्रू डीसी, म्हणजे एकाच दिशेने सलग वाहणारा करंट. अ‍ॅम्प्लिफायरच्या आत बहुधा प्लस आणि मायनस असे दोन सप्लाय असतात, समजा अधिक ४० आणि उणे ४० व्होल्ट. सगळं नीट असताना आउटपुट या दोघांच्या मधोमध शून्यावर उभं असतं आणि गाण्याबरोबर वरखाली हलतं. एक आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की त्याच्या बाजूचे ४० व्होल्ट सरळ स्पीकरवर. ८ ओहमच्या वूफरची कॉइल डीसीला साधारण ६ ओहम असते, त्यामुळे करंट पावणेसात अ‍ॅम्पियरच्या आसपास आणि उष्णता सुमारे २६७ वॅट. धप्प असा एक आवाज होतो, कोन पुढे किंवा मागे उडी मारतो आणि तिथेच अडकून राहतो. हलत्या कोनमुळे कॉइलला जी काही हवा मिळत होती तीही बंद.

आता हिशेब करून बघू. मध्यम वूफरच्या कॉइलमध्ये १० ग्रॅम तांबं आहे असं धरा. १० ग्रॅम तांबं एक अंश तापवायला जेमतेम पावणेचार जूल लागतात. दर सेकंदाला २६७ जूल आत येताहेत. म्हणजे सेकंदाला सत्तर अंशांच्या आसपास. कॉइल गुंडाळताना वापरलेला गोंद दोनशे-अडीचशे अंशांना हार मानतो. हातात आहेत तीन सेकंद. २ अ‍ॅम्पियरचा जलद फ्यूज इथे स्वतःच्या आकड्याच्या तिपटीहून जास्त करंट बघतोय, तो दोन सेकंदांच्या आत उडेल. वाचला! पण काठावर. ५ अ‍ॅम्पियरचा फ्यूज असता तर हा करंट त्याच्या दीडपटीलाही पोचत नाही. तो तासभर बसून कॉइल जळताना बघत राहिला असता.

ट्विटरला डीसीची भीती नाही, कारण क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे खर्ज आणि उंच सूर वेगळे करणाऱ्या सर्किटमध्ये, त्याच्या आधी कपॅसिटर असतो आणि तो डीसी पुढे जाऊच देत नाही. ट्विटर मरतो तो आवाज फाटेपर्यंत नॉब फिरवल्याने. अ‍ॅम्प्लिफायर आपल्या तोलाच्या टोकाला आदळला की लहरींचे माथे छाटले जातात. खर्जाला वर जायला जागा राहत नाही, पण उंच सुरांची सरासरी वाढतच जाते. छाटलेल्या कडांमधून नवे उंच सूरही तयार होतात. हे सगळं क्रॉसओव्हर इमानदारीने ट्विटरकडे पाठवतो. पेटीवर ‘१०० वॅट’ लिहिलेलं असलं तरी ट्विटर स्वतः सलग सोसू शकतो ते पाच-दहा वॅट. त्याची कॉइल केसाएवढ्या बारीक तारेची, ग्रॅमच्याही काही भागाची. म्हणून पूर्ण पेटीसाठी लावलेला फ्यूज ट्विटरला काही उपयोगाचा नाही. ट्विटरला त्याचा स्वतःचा फ्यूज हवा, क्रॉसओव्हरच्या नंतर, त्याच्याच वायरमध्ये. अर्ध्या अ‍ॅम्पियरचा फ्यूज ८ ओहमच्या ट्विटरला सलग साडेचार वॅटपर्यंत बिनधास्त देतो. त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स काही दशांश ओहमचा असतो, तेवढ्याने आवाज कानाला कळेल इतका घटत नाही.

काही पेट्यांमध्ये फ्यूजऐवजी पॉलिस्विच असतो. तो तापला की त्याचा रेझिस्टन्स एकदम वाढतो, ट्विटर गप्प होतो, थंड झाला की पुन्हा चालू. पार्टीत कुणी नॉब पिळला तर ही सोय खरोखर छान. सभा-कार्यक्रमांच्या मोठ्या पीए स्पीकरमध्ये याच कामासाठी चक्क बल्ब लावलेला असतो: फिलामेंट थंड असताना त्याचा रेझिस्टन्स तापलेल्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, म्हणून शांत गाण्यात तो आडवा येत नाही आणि अति झालं की स्वतः पेटून पॉवर खातो. पेटीच्या आत अंधारात तो लुकलुकताना पाहिला की पहिल्यांदा कुणीही दचकतो.

आगीतून फुफाट्यात

फ्यूज सप्लायच्या बाजूला लावावा, स्पीकरच्या वायरमध्ये नको, हा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. प्लसच्या वाटेवर एक, मायनसच्या वाटेवर एक. बहुतेक घरगुती अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तुम्हाला ते दिसतीलही. माझ्या पहिल्या हातच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ते होते आणि मला त्यांचा फार अभिमान होता.

त्या अ‍ॅम्प्लिफायरचा सप्लाय अधिक-उणे ३५ व्होल्टचा. फ्यूज चांगले घेतले होते, होल्डर मात्र हाताला लागले ते लावले. क्लिपची स्प्रिंग ढिली. एका संध्याकाळी गाणं सुरू असताना आवाज एकदम खरखरला, मग कोन आत ओढला गेला आणि बाहेर येईना. मी धावत जाऊन प्लग काढला. धूर झाला नाही, पण व्हार्निशचा गोडसर वास बराच वेळ खोलीत होता. आत पाहिलं तर एकही ट्रान्झिस्टर गेलेला नव्हता. प्लसचा फ्यूजही उडालेला नव्हता, तो ढिल्या क्लिपमध्ये फक्त संपर्क सोडून बसला होता. प्लसची बाजू गेली, मायनसची शाबूत राहिली, आणि माझ्या सर्किटची रचना अशी होती की प्लस नसला की आउटपुट सरळ मायनसकडे ओढलं जावं. स्पीकर वाचवायला लावलेल्या फ्यूजनेच स्पीकरवर डीसी सोडला होता.

प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर असा वागत नाही. काही सर्किटं एक बाजू गेली की निमूट शून्यावर बसतात. काहींमध्ये लहरीचा एकच अर्धा भाग बाहेर पडतो: आवाज घोगरा येतो, आणि अर्ध्याच लहरीची सरासरी शून्य नसते, म्हणजे तोही एक प्रकारचा डीसीच. तुमचा कुठल्या जातीचा आहे हे स्पीकर न लावता तपासता येतं. आउटपुटला स्पीकर नाही, फक्त मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. मेन बंद करा, कपॅसिटरवरचा चार्ज रेझिस्टरमधून रिकामा होऊ द्या, एक फ्यूज काढा, पुन्हा चालू करा आणि काटा किंवा आकडा कुठे जातो ते बघा. तो चार्ज रिकामा करण्याची पायरी गाळू नका. प्लग काढल्यावरही १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बराच वेळ ४० व्होल्ट धरून बसतो, आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक उडवायला तेवढे पुरतात.

आणखी एक खोच. मेनच्या एसीमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, म्हणून उडत्या फ्यूजचा आर्क आपोआप विझतो. डीसीमध्ये शून्य येतच नाही. त्यामुळे ‘२५० व्होल्ट’ लिहिलेल्या काचेच्या फ्यूजची डीसी तोडण्याची ताकद त्याहून पुष्कळ कमी असू शकते. सप्लाय मोठ्या व्होल्टेजचा असेल तर फ्यूजचा डीसी आकडा वेगळा बघून घ्यावा. गाडीतल्या रंगीत पात्याच्या फ्यूजवर साधारण ३२ व्होल्ट डीसी लिहिलेलं असतं. गाडीच्या बॅटरीला ते पुरेसं आहे, घरच्या मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरला नाही. (गाडीतल्या अ‍ॅम्प्लिफायरचा मोठा फ्यूज बॅटरीला अगदी लागून का लावतात? कारण तो अ‍ॅम्प्लिफायरसाठी नसतोच. पूर्ण गाडीभर फिरलेली ती जाड वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर तिने पेट घेऊ नये म्हणून असतो. फ्यूज दुसऱ्या टोकाला लावला तर मधली सगळी वायर उघडी पडली.)

मग डीसीपासून स्पीकरला खरं कोण वाचवतं? रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच. अ‍ॅम्प्लिफायर चालू केल्यावर दोन-तीन सेकंदांनी ‘टक’ आवाज येतो आणि मग गाणं सुरू होतं, तो हा. आउटपुटवर एक-दोन व्होल्ट डीसी काही क्षण टिकला की छोटं सर्किट रिले सोडून देतं आणि स्पीकरची जोडणी तुटते. यात फ्यूजसारखं तापायला थांबणं नाही. पण रिलेचीही मर्यादा आहे: नेहमीच्या रिलेवर १० अ‍ॅम्पियरला २५० व्होल्ट एसी, पण डीसी मात्र ३० व्होल्टच लिहिलेलं असतं. साठ व्होल्टच्या डीसीला तोडताना त्याच्या पत्त्यांमध्ये, म्हणजे एकमेकांना टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमध्ये, आर्क पेटून राहतो आणि करंट चालूच. जाणते लोक म्हणून रिलेचा सुटलेल्या अवस्थेतला पत्ता ग्राउंडला जोडतात. आर्क पेटला तरी तो स्पीकरमधून न जाता ग्राउंडकडे शॉर्ट होतो, करंट अचानक प्रचंड वाढतो, आणि आता सप्लायचा फ्यूज झटक्यात उडतो. इथे तो खरोखर त्याच्या जागी आहे: रिलेने स्पीकर बाजूला काढला, फ्यूजने सप्लाय तोडला.

मेनचा फ्यूज

हा एक फ्यूज कुठल्याही परिस्थितीत हवाच, आणि तो बहुधा ‘टी’ असतो. गोल टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर त्याच्या नेहमीच्या करंटच्या दहा-वीसपट ओढू शकतो. त्यात रिकामे कपॅसिटर भरायचे असतात. ३०० व्हीएचा (व्होल्ट गुणिले अ‍ॅम्पियर) ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टवर पूर्ण भाराला १.३ अ‍ॅम्पियर घेतो, पण जलद फ्यूज लावला असेल तर चालू करताच्या क्षणी तो पहिल्या नाही तर दहाव्या वेळेला उडेल. ‘टी’ फ्यूज ती उसळी गिळतो. ट्रान्सफॉर्मर याहून मोठा असेल तर सॉफ्ट-स्टार्ट लावतात, म्हणजे सुरुवातीचा क्षणभर करंट रेझिस्टरमधून सोडायचा आणि मग रिलेने तो रेझिस्टर बाजूला करायचा. फ्यूज फेजच्या वायरमध्ये, स्विचच्याही आधी. अर्थिंगच्या वायरमध्ये कधीच नाही.

जाता जाता ‘ऑडिओफाइल’ फ्यूजबद्दल. फ्यूजने आवाजात फरक पडतो, यात तथ्याचा एक कण आहे. स्पीकरच्या वायरमधला फ्यूज अगदी खालच्या सुरांना, वीस-तीस हर्ट्झला, प्रत्येक लहरीबरोबर थोडा तापतो आणि थोडा निवतो; त्याचा रेझिस्टन्स त्याच तालावर डोलतो आणि मोजता येईल इतकी विकृती तयार होते. फ्यूज त्याच्या आकड्याच्या जवळ वापरला तर जास्त, दूर असेल तर नगण्य. मेनच्या फ्यूजला हे लागू नाही. आणि ‘बाण या दिशेला ठेवा’ असं छापलेला फ्यूज विकणाऱ्याला एवढंच विचारावं की सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलणाऱ्या करंटने कुठला बाण वाचायचा.

उडालेला फ्यूज वाचावा

फ्यूज उडाला की लगेच नवा घालण्याआधी जुना भिंगाखाली धरा. तार मधोमध तुटून दोन्ही टोकांना लहान गोळे लोंबताहेत, काच स्वच्छ: हळूहळू झालेला अतिभार, किंवा नुसतं म्हातारपण. वर्षानुवर्षं चालू-बंद होताना तार प्रत्येक वेळी ताणते आणि सैलावते, शेवटी एके दिवशी सुटते. काच आतून काळी किंवा आरशासारखी चंदेरी, तारेचा मागमूस नाही: जबर शॉर्ट, आत काहीतरी नक्की गेलंय. तार दिसायला अखंड पण मल्टिमीटर गप्प: टोपीच्या आतला सोल्डर सुटलाय. आणि टोप्या निळसर-तपकिरी पडल्या असतील तर दोष होल्डरच्या ढिल्या क्लिपचा. तिथे उष्णता तयार होऊन फ्यूज लिहिल्यापेक्षा कमी करंटला उडत राहतो.

काळी काच निघाली तर नवा फ्यूज घालून ‘बघू काय होतं’ करू नये. दुसरा, तिसरा, मग सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून चौथा, ही पायरी बहुतेक जळालेल्या ट्रान्सफॉर्मरच्या इतिहासात सापडते. त्याऐवजी सिरीज बल्ब. मेनच्या वाटेवर ६० किंवा १०० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब ओळीने जोडायचा (एलईडी चालत नाही) आणि स्पीकर काढून ठेवून अ‍ॅम्प्लिफायर चालू करायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि पेटलेलाच राहतो. सगळा करंट त्याने अडवून धरलेला असतो, आणखी काही जळत नाही. ट्रान्झिस्टर बदला, पुन्हा लावा. सगळं नीट असेल तर कपॅसिटर भरेपर्यंत एकदा झगमगतो, मग मंद होत जवळजवळ विझतो. तसा विझला की आउटपुटवर मल्टिमीटर लावून डीसी बघा. काही मिलिव्होल्टच असेल तर बल्ब काढा, झाकणावर छापलेल्या अक्षराचा आणि आकड्याचाच फ्यूज बसवा, क्लिप बोटाने दाबून घट्ट आहे ना ते बघा, आणि मग स्पीकर जोडा.